मुखवट्यामागचा माणूस

(पडद्यावर: अंधार. प्रोजेक्टरचा झोत. भिंतीला खिळे ठोकून ताणलेली पांढरी चादर.)

बाई पळते आहे. तिच्या मागचा माणूस पळत नाही, चालतो. तरी तोच आधी पोचतो.

स्लॅशर सिनेमाचा, म्हणजे सुरा घेऊन एकेकाला गाठणाऱ्या खुन्याच्या सिनेमाचा, हा नियम जगभर पाळला जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात, समाजमंदिराच्या भिंतीवरही तो आज पाळला जातोय. फरक एवढाच, की इथं सिनेमासमोर कुणी गप्प बसत नाही.

"मांगं पाय वं, मांगं!" एक आजी ओरडते.

"अवं, दरवाजा लाव ना आधी!" दुसरी.

मागून एक पोट्टा म्हणतो, "नाही लावत थे. लावला तं पिच्चर संपते."

सगळे हसतात. पुढच्याच क्षणी दाराआडून हात येतो आणि हसणारे सगळेच्या सगळे दचकतात.

सिनेमा कोणता? कुणालाच माहीत नाही. अमेरिकेतलं कुठलं तरी खेडं, ऐंशीच्या दशकातल्या गाड्या, हिंदी डबिंग. आवाज देणारे चारच जण असावेत, कारण यातला पोलीस आणि यातला पाद्री एकाच गळ्यानं बोलतात. पेनड्राइव्हवर फाइलचं नाव आहे 'हॉरर ३'. हॉरर १ आणि २ गेल्या आठवड्यात झाले.

असल्या सिनेमात माणसाला काय सापडतं? ना ओळखीचा नट, ना गाणी, ना धड गोष्ट. रक्त तर शेंदरी.

(पडद्यावर: पेनड्राइव्ह, हातातून हातात.)

जरा मागे जाऊ. १९७८ साली जॉन कारपेंटर या दिग्दर्शकानं 'हॅलोविन' केला, सुमारे तीन लाख डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लर. खुन्याचा मुखवटा दुकानातून विकत आणलेला होता. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाचा चेहरा. डोळ्यांची भोकं मोठी केली, वरून पांढरा रंग फासला, झाला खुनी तयार. गोष्ट ऑक्टोबरातली, पानगळीची. शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात, वसंतात. झाडं हिरवीगार. मग सुकी दिसतील अशी पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या गल्लीत तीच पुन्हा पसरायची. बारकाईनं पाहिलं तर मागची हिरवी झाडं आजही दिसतात.

त्या सिनेमानं खर्चाच्या कितीतरी पट कमावलं आणि मग रांगच लागली. एक घर, सात-आठ तरुण पोरंपोरी, एक सुरा. एवढ्या भांडवलावर पुढची काही वर्षं शेकडो लोकांनी हात धुऊन घेतले. त्यातले दोन-चार सिनेमे गाजले. बाकीचे कॅसेटच्या दुकानांतल्या खालच्या फळीवर गेले, आणि 'हॉरर ३' त्यांतलाच.

त्याच्याही आधी, १९७४ साली, टोबी हूपरनं 'टेक्सास चेन सॉ मॅसेकर' केला होता. टेक्सासचा उन्हाळा, बंद खिडक्या, वर दिवे तापलेले, सजावटीला जनावरांची खरी हाडं आणि सडत चाललेलं मांस. वासानं लोक बाहेर जाऊन ओकत. पडद्यावर नटांच्या तोंडावर जो वैताग दिसतो त्यात अभिनय किती आणि ऊन किती, सांगणं कठीण. यवतमाळचा मे महिना काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

(पडद्यावर: जुन्या टॉकीजची पडकी तिकीटखिडकी.)

विदर्भाला भयपट नवा नाही. सिनेमावाल्यांच्या नकाशात हा भाग सी.पी. बेरार सर्किटमधला, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या वितरण-विभागातला, आणि अमरावती हे वितरणाचं मोठं ठाणं. रामसे बंधूंचे सिनेमे, १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे', १९८४ चा 'पुराना मंदिर', असल्याच छोट्या गावांच्या जिवावर चालले. मोठ्या शहरांतले जाणकार नाक मुरडत राहिले. रामसेंचं काम घरच्या कार्यासारखं असे: सात भाऊ, कुणाच्या हाती कॅमेरा, कुणाकडे आवाज, सगळं युनिट गाडीत घालून महाबळेश्वरला न्यायचं आणि तिथंच शूटिंग उरकायचं.

मग व्हिडिओ आला. गणपतीत नाहीतर लग्नघरी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा. रात्रभरात तीन पिच्चर. पहिला देवाचा, दुसरा मारधाडीचा. लहान पोरं आणि म्हातारे झोपले की तिसरा. भयपट कायम तिसरा असायचा, त्यामुळे तो संपला की घरी जाण्याची वेळ भुताचीच असे.

पण रामसेंचा सिनेमा आणि हा स्लॅशर यांत एक मोठा फरक आहे. तो आम्हाला त्या आजींनी सांगितला, ज्या मघा दरवाजा लाव म्हणून ओरडत होत्या.

"भुताले त्रिशूल दाखवता येते. हा तं माणूस हाय. याले काय दाखवान?"

याच्यावर थोडं थांबायला हवं. रामसेंच्या हवेलीत सैतान असतो आणि शेवटी देव धावून येतो. स्लॅशरमध्ये मंत्र चालत नाही, भगत चालत नाही. मुखवटा उतरला की आत कुणीतरी दुखावलेला, डोकं फिरलेला, पण हाडामांसाचा माणूस निघतो. पुष्कळदा गावातलाच. ज्या मुलखात कुणाचं मूल आजारी पडलं तर करणीचा संशय शेजारच्या एकट्या बाईवर जाऊ शकतो, जिथं असल्या संशयातून माणसं मारली गेली आणि २०१३ मध्ये राज्याला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तिथं ही गोष्ट साधी नाही. हा सिनेमा कितीही टुकार असो, खुनाचा आळ भुतावर ढकलत नाही.

आणि हा सिनेमा इतका गरीब असतो, की त्याला स्वतःची माणसंही लपवता येत नाहीत. कधी माइकची काठी चौकटीत उतरते, कधी मेलेल्या पोरीचं पोट श्वासानं हलतं. महागड्या सिनेमात दिसतो तो पैसा. इथं दिसतात हात. गावातल्या प्रेक्षकाला त्याची सवय आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, कापणी आटोपली की रात्रभर नाटकं चालतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. खलनायकानं सुरा काढला की बाया खरंच शिव्या घालतात, आणि सकाळी तोच नट चहाच्या टपरीवर दिसला तर त्याला चहा पाजतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत, म्हणजे रोगराई-इडापिडेचा पुतळा, तीही तशीच. तिला भयंकर बनवायचं आपणच, मिरवायचं आपणच आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणत जाळायचंही आपणच.

(पडद्यावर: रात्र. वावरातली मोटर सुरू होते.)

भीती मात्र खोटी नसते. थ्री फेज लाइट अनेकदा रात्रीच येते. मग ओलितासाठी दोन वाजता एकट्यानं वावरात जायचं. हातात बॅटरी, पायाखाली काय आहे ते ठाऊक नाही, तुरीत काहीतरी खसफसतं. रानडुक्कर असेल. टिपेश्वरच्या बाजूला वाघही असू शकतो. जंगलातल्या घरात अडकलेल्या अमेरिकन पोरांची गोष्ट या माणसाला परकी का वाटावी?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यातले बहुतेक सिनेमे कंटाळवाणे असतात. पहिला तासभर लोक नुसते चालतात. चालण्याला पैसा लागत नाही ना! बायकांच्या बाबतीत तर हा प्रकार अनेकदा सरळ ओंगळ आहे. जिनं मजा केली ती आधी मरणार, आणि तिचं मरण कॅमेरा चवीनं बघणार. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की शेवटी जी एकटी उरते, जी खुन्याशी भिडते ती मुलगीच असते आणि पाहणारे पुरुषही तिच्याच डोळ्यांनी पाहू लागतात. पटण्यासारखं आहे. पण मधल्या चार पोरींचा हिशेब त्यानं मिटत नाही. इथल्या कॉलेजातल्या पोरी तो हिशेब मोठ्यानं मागतात. "हे काऊन मेली? तिनं काय केलं होतं?" याला सिनेमाकडे उत्तर नसतं.

(पडद्यावर: बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचं स्टेशन. रुळांवर बाभळी.)

याच पोरापोरींनी आता स्वतःचा स्लॅशर काढायला घेतलाय, मोबाइलवर. जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. शकुंतलेच्या मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजवर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं. आता गाडीच नाही, स्टेशनं तेवढी उभी आहेत. उजेडाला ट्रॅक्टरचे दिवे. डिझेलचे पैसे वर्गणीतून.

रक्ताची पाककृती तिसऱ्या खेपेला जमली. साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, कारण नुसता लाल रंग कॅमेऱ्यात सरबतासारखा दिसतो. पातेल्यात बोट बुडवून दिग्दर्शक पोरगी ते दिव्यासमोर धरते, थेंब किती सावकाश ओघळतो ते बघते आणि अजून अर्धा चमचा पाणी घालते. प्रेत म्हणून झोपलेल्या मुलाच्या मानेवर ते ओतलं जातं. दोन मिनिटांत मुंगळे हजर. प्रेत किंचाळत उठतं. हा शॉट त्यांनी ठेवलाय.

खुन्याच्या डोक्यावर युरियाचं पोतं, डोळ्यांना दोन भोकं. त्यांना माहीत नव्हतं, पण 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या १९८१ च्या दुसऱ्या भागात जेसन या खुन्याच्या डोक्यावरही पोतंच होतं. तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा पुढच्या वर्षी तिसऱ्या भागात आला.

"पळ ना बे तिच्या मांगं!" दिग्दर्शक ओरडते.

पोत्यातून आवाज येतो, "कसा पळू? मले काही दिसूनच नाही राहिलं."

म्हणून खुनी चालतो.

पहिली सात मिनिटं तयार झाल्यावर त्यांनी ती मारुतीच्या पारावर लॅपटॉपवर दाखवली. खुनी पहिल्यांदा पडद्यावर आला, फक्त पाय दिसले, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अबे, हे तं पिठाच्या गिरणीवाल्याच्या पोट्ट्याची चप्पल हाय!" पुढची पाच मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही. तो पोट्टा तिथंच बसला होता, त्याच चपला घालून.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. अनवाणी चालवायचं ठरलं, पण स्टेशनाभोवती सराट्याचे काटे आहेत आणि खुनी तयार होईना. शेवटी गमबुटांवर एकमत झालं. फवारणीचे आहेत, प्रत्येक घरात सारखेच. आता तो कुणीही असू शकतो.