एका तारेवरची गिटार: मिक गुडरिक

श्रोते हो, नमस्कार.

आज बोलायचं आहे मिक गुडरिक या अमेरिकन जॅझ गिटारवादकाबद्दल. घरात गिटार असेल तर ती जवळ घेऊन बसा. नसली तरी कागद-पेन्सिल असू द्या, कारण पुढे पडद्यांचे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या फ्रेटचे, आकडे येणार आहेत. मी ते सावकाश सांगेन.

जॉन स्कोफिल्ड आणि माइक स्टर्न ही दोन नावं जॅझ ऐकणाऱ्यांना माहीत असतात. 1980च्या दशकात हे दोघंही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गिटार वाजवत. गिटारवादक बिल फ्रिझेलचं नावही तितकंच मोठं. हे तिघंही गुडरिक यांच्याकडे शिकले. पुढच्या पिढीतला ऑस्ट्रियन वादक वोल्फगांग मुथस्पील त्यांचाच विद्यार्थी. शिष्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी कपाटं भरतील, गुरूंच्या स्वतःच्या नावावर मात्र मोजक्याच निघाल्या.

गुडरिक यांचा जन्म 9 जून 1945चा, पेनसिल्व्हेनियातल्या शॅरन गावातला. बॉस्टनच्या बर्कली कॉलेजमधून 1967 साली ते पदवीधर झाले आणि पुढे तिथेच, तसंच न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत, त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. सत्तरच्या दशकात व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनच्या बँडमध्ये ते होते. 1974 साली त्याच बँडमध्ये पॅट मेथेनी हा अगदी तरुण मुलगा आला आणि काही काळ दोघांच्या गिटारी शेजारी शेजारी वाजल्या. स्वतःच्या नावावरची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘इन पासिंग’ 1979 साली ईसीएम कंपनीने काढली. सोबतीला सॅक्सोफोनवर जॉन सरमन, बासवर एडी गोमेझ आणि ड्रम्सवर जॅक डीजॉनेट. बासवादक चार्ली हेडनच्या लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रातही ते वाजले. 16 नोव्हेंबर 2022 रोजी ते गेले.

इतकी मोठी मंडळी सोबत असूनही नाव मागे का राहिलं? मला याचं कारण त्यांच्या वाजवण्यातच दिसतं. ते तानांची आतषबाजी करत नाहीत. दुसऱ्याच्या सुराखाली दोन-तीन स्वर असे ठेवतात की तो दुसराच जास्त चांगला ऐकू येतो. अशा वादकाचं मोल सोबत वाजवणाऱ्याला आधी कळतं, श्रोत्याला फार उशिरा.

त्यांचं 1987चं ‘द अॅडव्हान्सिंग गिटारिस्ट’ हे पुस्तक मात्र जगभरच्या शिक्षकांच्या हाती गेलं. पाठ करायच्या तानांच्या आशेने कोणी ते उघडलं तर निराशा होते. पुस्तकात स्वरलिपी थोडी आणि बोलणं जास्त आहे. एक काम सांगायचं, दिशा दाखवायची आणि बाजूला व्हायचं, ही त्यांची रीत. उत्तर विद्यार्थ्यानेच काढायचं. आणि सगळ्यात आधीचं काम आहे एकाच तारेवर वाजवणं.

हे काम इतकं महत्त्वाचं का, हे कळायला गिटारची एक अडचण समजून घ्यावी लागते. पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की जो स्वर येतो, तोच स्वर दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या पडद्यावर मिळतो. एकच स्वर, पाच जागा. म्हणून शिकवणारे सोपा रस्ता धरतात. हात एका जागी ठेवा, चार बोटं चार पडद्यांवर, आणि सप्तक आडवं, सहा तारांवरून पार करा. याचे ठरावीक आकार बसवून घेतले जातात. आकार पक्के झाले की बोटं कानाला न विचारता चालू लागतात. पुढचा स्वर अर्धा आहे की पूर्ण, हे वादकाला वाजवून झाल्यावर कळतं.

एका तारेवर असं चालत नाही. पूर्ण स्वर म्हणजे दोन पडदे, अर्धा म्हणजे एक. स्वरांतलं अंतर डोळ्यांना दिसतं, हाताला जाणवतं आणि कानाने आधीच ऐकलेलं असावं लागतं. इंदूरच्या श्रोत्याला यात नवल वाटायला नको. सतारीचं जवळजवळ सगळं काम बाजाच्या, म्हणजे मुख्य, एका तारेवर, लांबीने चालतं. बीनकारांची, म्हणजे रुद्रवीणा वाजवणाऱ्यांची, परंपरा या शहरात होती आणि तिच्यातून आलेले अब्दुल हलीम जाफर खाँ इथून जवळच्या जावऱ्याचे. त्यांची सतार ऐकलेल्या माणसाला गुडरिक काय सांगत होते ते एका वाक्यात पटेल. आडव्या आकारांत शिकलेल्या गिटारवाल्याला ते पटायला वेळ लागतो.

आता करून पाहू. तिसरी तार घ्या. पडदे लिहा: मोकळी तार, मग 2, 4, 5, 7, 9, 10 आणि 12. इतकेच. आधी हे स्वर वर-खाली सावकाश वाजवा, एका ठोक्याला एक.

(गिटार: तिसरी तार, वरील आठ स्वर, आरोह-अवरोह.)

आता मोबाइलवरचा किंवा पेटीतला तानपुरा पांढरी दोनला, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराला (डी), लावा, षड्ज-पंचमावर. पडदे तेच ठेवा, फक्त सातव्या पडद्याला षड्ज माना. काफी थाट, म्हणजे काफीचा सात स्वरांचा संच, ऐकू येईल. जॅझवाले याला डोरियन म्हणतात. तानपुरा पांढरी एकला लावा, पाचवा पडदा षड्ज झाला आणि बिलावल आला. पांढरी तीनला नवव्यावर भैरवी, पांढरी चारला दहाव्यावर कल्याण, पांढरी पाचला मोकळ्या तारेवर खमाज, पांढरी सहाला दुसऱ्या पडद्यावर आसावरी. सातव्या जागी, म्हणजे चौथ्या पडद्यावर, षड्ज धरला तर शुद्ध पंचमच मिळत नाही आणि तानपुऱ्याशी भांडण होतं. आपल्याकडे मूर्च्छना समजावताना नेमकं हेच करतात. थाट म्हणजे राग नव्हे, हे भान इथेही ठेवावं. यातून स्वरांचे संच हाती येतात. त्यांचं चलन, न्यास, ठेहराव वेगळे शिकावे लागतात.

हे ऐकताना सोपं वाटतं, वाजवताना ठरावीक ठिकाणी घसरतं. सर्वांत मोठी चूक कानाची. तानपुरा बदलला तरी कान जुन्या षड्जाला चिकटून राहतो आणि सगळे तुकडे त्याच्यावरच संपतात. म्हणून नवा तानपुरा लावल्यावर एक-दोन मिनिटं काहीच वाजवू नये. नवा षड्ज गळ्यातून लावावा, मग पहिले काही तुकडे मुद्दाम पंचमावरून सुरू करून षड्जावर आणावेत. एका बैठकीत एकच तानपुरा ठेवला तर उत्तम. सहाही एकदम करणाऱ्याच्या हाती शेवटी फक्त पडदे उरतात.

दुसरी चूक हाताची. साधारण 648 मिलिमीटर तारेच्या गिटारवर पहिला पडदा नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपासून, 36 मिलिमीटरवर येतो, तर बाराव्या आणि तेराव्या पडद्यांतलं अंतर त्याच्या निम्मं, 18 मिलिमीटर असतं. तेव्हा खाली जी उडी सात सेंटिमीटरची होती, तीच दोन पडद्यांची उडी वर साडेतीन सेंटिमीटरची होते. हात जुनंच माप घेऊन धावतो आणि पुढच्या पडद्यावर जाऊन आदळतो. उपाय एकच. वरच्या सप्तकात हळू वाजवायचं आणि नजर बोटावर न ठेवता जिथे पोहोचायचं त्या पडद्यावर ठेवायची.

अंगठा मानेमागे रुतून बसला तरी असंच होतं. बोटं पुढे जातात, अंगठा मागे राहतो, मनगट वाकतं. अंगठा बोटांबरोबर सरकला पाहिजे. सरकताना तारेवरचा दाब निम्म्याहून कमी करावा, पण बोट उचलू नये. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर तिसरी तार बहुधा गुंडाळलेली असते, तिच्यावर दाबून सरकलं की चिर्र असा आवाज येतो. त्रास फार होत असेल तर हाच अभ्यास दुसऱ्या तारेवर करावा, तिथे पडदे 0, 1, 3, 5, 6, 8, 10, 12 असे येतील. षड्जाच्या जागाही मग बदलतील, त्या कानाने शोधाव्यात.

एक गोष्ट वाद्याची. माळव्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं बाजूने बाहेर येतात. तारेच्या लांबीने हात फिरवायला लागलं की ती आधी पहिल्या तारेपाशी बोचतात. ती कारागिराकडून घासून घ्यावीत. पावसाळ्यात उलटं, लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटरहून बरीच वर असेल, तर दाबताना ती ताणली जाऊन स्वर चढा लागेल. तेव्हा आपल्या कानाला दोष देण्याआधी तारेची उंची मोजावी.

एक तार पक्की झाली की शेजारच्या दोन तारा. इथे लक्षात ठेवायचं ते इतकंच की दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेत चार पडद्यांचा फरक आहे, बाकी सगळ्या शेजाऱ्यांत पाचाचा. म्हणून चौथी-तिसरीवर बसलेला तुकडा तिसरी-दुसरीवर जसाच्या तसा नेला की बेसूर होतो.

गुडरिक यांच्या विचाराचा दुसरा मोठा भाग स्वरमेळांचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या कॉर्डचा आहे. गिटारवाला कॉर्ड म्हणजे बोटांचा ठसा समजतो. एक ठसा उचलायचा, दुसरा ठेवायचा. गुडरिक कॉर्डकडे तीन-चार गाणाऱ्यांचा मेळ म्हणून पाहतात. प्रत्येकाने आपल्या जवळच्या स्वरावर जायचं, उगाच उडी मारायची नाही.

तीन स्वरांवर हे लख्ख दिसतं. पांढरी एक षड्ज धरा आणि प्रत्येक वेळी आधारस्वर धरून मोजलेल्या चौथ्या स्वराच्या कॉर्डवर जा. लिहून घ्या: सा ग प. मग सा म ध. मग रे म नी. ग प नी. ग ध सां. म ध रें. प नी रें. प सां गं. आठव्या पायरीला आपण परत षड्जाच्या कॉर्डवर आलो, पण प खाली ठेवून. नीट पाहा, दर वेळी एक स्वर जागेवर राहतो आणि दोन स्वर एकेक पायरी चढतात. थांबणारा स्वर आधी खालचा, मग मधला, मग वरचा, आणि पुन्हा खालचा, मधला, वरचा.

गिटारवर पाचवी, चौथी, तिसरी या तीन तारा, आणि पडदे याच क्रमाने: 3-2-0. मग 3-3-2. 5-3-4. 7-5-4. 7-7-5. 8-7-7. 10-9-7. शेवटी 10-10-9.

(गिटार: हे आठ मेळ, प्रत्येकी चार ठोके.)

इथे तानपुरा बंद ठेवावा, आधारस्वर स्वतःच फिरतो आहे. नेहमी फसतं ते तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना. 5-3-4 मध्ये मधलं बोट तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर असतं. ते उचलून तिथे तर्जनी ठेवायचा मोह होतो, कारण हाताला ते सोयीचं पडतं. पण त्या क्षणी जो स्वर थांबायला हवा तोच तुटतो आणि अभ्यासाचा जीव जातो. मधलं बोट तिथेच राहू द्यावं, अनामिका चौथ्या तारेच्या पाचव्यावर, करंगळी पाचवीच्या सातव्यावर. थोडा ताण पडतो. दुखत असेल तर थांबावं, दुसऱ्या दिवशी करावं.

हाच विचार त्यांनी पुढे व्हॉइस लीडिंगच्या, म्हणजे कॉर्ड बदलताना प्रत्येक स्वर कुठे न्यायचा याच्या, आपल्या जाड खंडांत शेवटपर्यंत नेला. सप्तकातल्या एका कॉर्डवरून उरलेल्या सहा ठिकाणी जाता येतं, म्हणून सहा चक्रं, आणि प्रत्येक चक्र निरनिराळ्या मांडण्यांत. तिथे स्वरांची नावं दिली आहेत, बोटांच्या जागा नाहीत. त्या वाचणाऱ्याने शोधायच्या. इंदूरला वाढलेल्या गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या मेरुखंडाची, म्हणजे स्वरांचे सगळे क्रम मांडण्याच्या पद्धतीची, आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. चार स्वरांचे 24 क्रम, सातांचे 5040. हिशेब पूर्ण मांडायचा आणि त्यातून गाण्यात किती घ्यायचं हे कलावंताने ठरवायचं. खाँसाहेब विलंबित बढतीत एखादाच क्रम असा आणत की मागचा हिशेब जाणवूही नये. गुडरिक यांच्या वादनातही तो जाणवत नाही, आणि या दोघांबद्दलचा माझा आदर नेमका इथे एक होतो. गणित घासूनपुसून पक्कं, पण मैफलीत पुढे येतो तो सूर.

ऐकायची सुरुवात कुठून करावी? ‘इन पासिंग’ आधी घ्यावी, पण सॅक्सोफोन सोडून गिटारकडे कान ठेवून. सरमन वाजवत असताना गुडरिक किती वेळ गप्प असतात तेही मोजावं. मग गॅरी बर्टनची 1976ची ‘ड्रीम्स सो रियल’, ज्यात कार्ला ब्ले यांच्या रचना आहेत. तिथे मेथेनी बारा तारांच्या गिटारवर आहे, त्यामुळे सहा तारांचा गुडरिक यांचा नाद वेगळा काढता येतो. आणि शेवटी मुथस्पीलबरोबरची ‘लाइव्ह अॅट द जॅझ स्टँडर्ड’, फक्त दोन गिटारी, गुरू आणि शिष्य. त्यात कोण सोलो वाजवतो आहे याकडे पहिल्यांदा लक्ष देऊ नका. जो साथ करतो आहे त्याचे मेळ ऐका आणि दर वेळी कोणता स्वर जागेवर थांबला ते ओळखायचा प्रयत्न करा.