आधी आडवा, मग उबदार

(दुर्गम ठिकाणी आणि समुद्रावर काम करणारे डॉक्टर, परिचारिका, जहाजांवरचे वैद्यकीय सहायक आणि ट्रेकप्रमुख यांच्यापुढे पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, घरातला पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांपासून सुरू होतो. आजचा आजार नेमका तिथून खाली सुरू होतो. शरीराच्या आतले तापमान ३५ च्या खाली गेले की हायपोथर्मिया, ३२ च्या खाली मध्यम, २८ च्या खाली तीव्र. म्हणजे औषधपेटीतल्या नेहमीच्या थर्मामीटरचा पारा तळाशीच राहिला, तर समोरचा माणूस ३४ वर आहे की २६ वर, ते त्यावरून कळायचे नाही. करोनाकाळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक गारठलेली कातडी मोजते, कानात धरायचे इन्फ्रारेड यंत्रही थंडीत फसवते. खरा आकडा मिळतो अन्ननलिकेच्या खालच्या भागात सोडलेल्या प्रोबने (तापमान मोजणाऱ्या बारीक तारेने), पण तो श्वासमार्ग सुरक्षित केलेल्या बेशुद्ध रुग्णातच घालायचा. नाहीतर गुदद्वारातून १५ सेंटीमीटर आत, तेही आडोशाला नेल्यावर. भर वाऱ्यात आकड्यासाठी कपडे काढू नका. आणि गुदद्वाराचा आकडा हृदयाच्या तापमानाच्या मागून येतो, हे लक्षात ठेवा.

पुण्यात ना बर्फ ना समुद्र, मग हे ऐकायचे कशाला? पुण्याची माणसे हिमालयात ट्रेक घेऊन जातात, व्यापारी जहाजांवर असतात, मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर पाळ्या करतात, अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती केंद्रांवर जातात, म्हणून. अरबी समुद्र कोमट आहे हा युक्तिवादही अर्धाच खरा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज (सपाट तळाचा तराफा) बुडाला, तेव्हा माणसे कित्येक तास पाण्यात होती. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेते. २८ अंशांचे पाणीसुद्धा शरीरापेक्षा थंडच असते, फक्त वेळ जास्त घेते.

थर्मामीटर नसेल तर माणूस बघा. हुडहुडी भरली आहे आणि नीट बोलतोय, तर सौम्य. बोलणे अडखळते, विचित्र वागतो, हुडहुडी थांबली आहे, तर मध्यम. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असा समज करून घेऊ नका, शरीराने हात टेकले असा तिचा अर्थ. हाकेला उत्तर नाही पण जीव आहे, तर तीव्र धरून चाला. माणसागणिक आकडे हलतात, म्हणून उपचार ठरवताना शुद्धीवर भर द्या.

आता मुद्द्यावर येतो. तीव्र हायपोथर्मियात दूरच्या ठिकाणी आपले काम माणसाला गरम करणे नव्हे. त्याचे हृदय बिघडू न देणे आणि उरलेली उष्णता जाऊ न देणे, हे आपले काम. खरे गरम करायचे ते रुग्णालयात. घाईने मदत करणाऱ्यांना हा क्रम पटत नाही आणि घोळ तिथेच होतो.

२८ अंशांखालचे हृदय चिडके असते. स्ट्रेचरवर आदळणे, उचलून बसवणे, ओले बूट हिसकून काढणे, एवढ्यानेही व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होऊ शकते, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त ढकलत नाहीत. म्हणून कपडे ओढायचे नाहीत, कापायचे. कात्री पिशवीत वरच ठेवा. माणूस कायम आडवा. शुद्धीत असला तरी "चल, थोडा चाल, रक्त फिरेल" म्हणायचे नाही. सौम्य रुग्णालाही आधी किमान अर्धा तास पडून राहू द्या, मगच चालू द्या.

पाण्यातून काढताना धोका आणखी वाढतो. पाण्यात असताना पाण्याचा दाब पाय आणि पोट सगळीकडून आवळतो आणि रक्त वर ढकलतो. थंडीने लघवी जास्त होते, त्यामुळे रक्ताचे आकारमान आधीच घटलेले असते. अशा माणसाला काखेत दोर घालून उभा वर ओढला की दाब जातो, रक्त पायात उतरते, आणि गारठलेल्या हृदयाला ते सावरता येत नाही. बोटीच्या कठड्यापर्यंत बोलत आलेला माणूस डेकवर कोसळतो तो यामुळे. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतल्या वादळानंतर या प्रकाराकडे तज्ज्ञांचे बारकाईने लक्ष गेले. उपाय साधा आहे: हेलिकॉप्टरच्या विंचला एका पट्ट्याऐवजी दोन, एक काखेत आणि एक गुडघ्यांखाली. बोटीवर जाळे किंवा स्ट्रेचर, म्हणजे शरीर आडवेच वर येईल. उभे ओढण्यावाचून गत्यंतर नसेल, लाटांमुळे जीवच जाणार असेल, तर ओढा, पण वर येताच झोपवा. आणखी एक गोष्ट, जी अनेकांना विचित्र वाटते. "आता सुटलास, निवांत हो" असे सांगू नका. सुटकेचा निःश्वास टाकताच रक्तदाब टिकवून ठेवणारा ताण सैल पडतो. "धीर सोडू नको, अजून काम बाकी आहे" असे बोलत राहा.

डेकवर आणल्यावर पहिली ओढ असते गरम शॉवरकडे, दुसरी हातपाय चोळण्याकडे. दोन्ही टाळा. आपल्याकडे तळपायाला सुंठ चोळायची सवय आहे. प्रेमाची असली तरी इथे घातक आहे. हातापायांतल्या रक्तवाहिन्या उघडल्या की तिथले थंड रक्त हृदयाकडे येते आणि आतले तापमान आणखी उतरते. चोळले नाही तरी बाहेर काढल्यावर काही काळ ते उतरतच असते, त्यात आपण भर घालायची नाही. ब्रँडीचे तर बोलायलाच नको. ती कातडीतल्या वाहिन्या उघडते, हुडहुडी दाबते आणि माणसाला उगाच ऊब लागल्यासारखे वाटते. साखर मात्र द्या, भरपूर गोड चहा, पण फक्त पूर्ण शुद्धीत असलेल्या आणि गिळता येणाऱ्याला. हुडहुडी विश्रांतीच्या पाचपटीपर्यंत उष्णता निर्माण करते, तिला इंधन लागते. चहाच्या कपातली ऊब नगण्य आहे, उपयोग साखरेचा.

गुंडाळणे ही कला आहे. सगळ्यांत खाली ताडपत्री, तिच्यावर दोन कॅरीमॅट, कारण जमीन आणि डेक हवेपेक्षा जास्त ओढतात. त्यावर स्लीपिंग बॅग किंवा घोंगड्या. त्यांच्या आत माणसाभोवती प्लास्टिकचा थर, म्हणजे ओल बाहेरच्या थरात शिरणार नाही. आडोसा असेल तर ओले कपडे कापून काढा. नसेल तर राहू द्या, वरून प्लास्टिक गुंडाळा. डोके झाका, तोंड उघडे ठेवा. चंदेरी कागदासारखे स्पेस ब्लँकेट एकटे कामाचे नाही, ते वारा अडवते, ऊब धरत नाही. पुरचुंडीच्या पानासारखे कडे एकावर एक दुमडा आणि तपासण्यासाठी छातीपाशी उघडेल अशी एक फट ठेवा. आतून ऊब कुठे? छाती, काखा, पाठ. हातपाय सोडून द्या. हीट पॅक किंवा गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर कधीच ठेवायची नाही, मध्ये कापड हवे. रक्तप्रवाह नसलेली कातडी भाजते आणि बेशुद्ध माणूस सांगत नाही. दर २० ते ३० मिनिटांनी त्या फटीतून हात घालून बघा.

सलाइनवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक हिशेब. ४२ अंशांचे एक लिटर सलाइन २८ अंशांवरच्या ७० किलोच्या माणसाला दिले, तर त्याचे तापमान जेमतेम पाव अंशाने वाढते. म्हणजे सलाइन गरम करण्यासाठी नसते, घटलेले रक्ताचे आकारमान भरण्यासाठी असते. तरी ते ३८ ते ४२ अंशांचेच हवे, कारण थंड दिले तर उलटे नुकसान. नॉर्मल सलाइन वापरा, रिंगर लॅक्टेट (लॅक्टेट असलेले दुसरे सलाइन) टाळा, गारठलेले यकृत लॅक्टेट नीट हाताळत नाही. संथ थेंब लावलात तर नळीतच थंड होते. सिरिंजने थोडे थोडे, ५०० मिलिलिटरच्या टप्प्यांत द्या, पिशवी आणि नळी गुंडाळीच्या आत ठेवा. शीर सापडत नसेल तर वेळ न दवडता हाडातून द्या. रक्तातली साखर तपासा, कमी असेल तर ग्लुकोज द्या. जास्त दिसली तरी इन्सुलिन नको: ३० अंशांखाली ते नीट काम करत नाही आणि नंतर एकदम लागू होते.

नाडी मंद असते, मिनिटाला तीसचाळीससुद्धा. या तापमानाला ती योग्यच आहे. नाडी वाढवणाऱ्या ॲट्रोपिनच्या नादी लागू नका. ईसीजीत ऑसबर्न लाट (गारठलेल्या हृदयाच्या आलेखात दिसणारा जादा उंचवटा) दिसेल, दचकू नका. पल्स ऑक्सिमीटर बहुधा आकडाच देत नाही.

नाडी लागत नाही, तर? घाईने निष्कर्ष नको. पूर्ण एक मिनिट श्वास आणि मानेची नाडी बघा, मॉनिटर असेल तर लावा. काहीच नसेल तर सीपीआर (छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे) सुरू करा, वेग नेहमीचाच: मिनिटाला १०० ते १२०, ३० दाबांमागे २ श्वास. फिब्रिलेशन दिसल्यास जास्तीत जास्त तीन विजेचे शॉक. ३० अंशांखाली लागू पडले नाहीत तर ३० च्या वर येईपर्यंत थांबा. ॲड्रिनलिन (हृदय चालू करायला देतात ते औषध) ३० च्या खाली देऊ नका, ३० ते ३५ मध्ये दोन डोसांतले अंतर दुप्पट ठेवा. ही युरोपातली पद्धत आहे. अमेरिकी नियमावली थोडी सैल आहे, पण औषधपेटी मर्यादित असताना मला युरोपातलीच बरी वाटते.

शिडीवरून उतरवताना, छोट्या होडीत सतत सीपीआर शक्य नसते. २८ अंशांखाली पाच मिनिटे सीपीआर, मग जास्तीत जास्त पाच मिनिटांचा खंड चालतो. २० च्या खाली खंड दहा मिनिटांपर्यंत. नेहमीच्या हृदयविकारात असे केले तर माणूस जाईल. इथे मेंदूची प्राणवायूची गरज उतरलेली असते: १८ अंशांवर मेंदू ३७ अंशांच्या दहापटीपर्यंत वेळ तग धरू शकतो.

पण हे सगळे आधी गार, मग हृदय बंद, अशा क्रमाने झाले तरच. १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ ॲना बोगेनहोल्म ही डॉक्टर गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली अडकली. तिला हवेचा एक पोकळ कप्पा सापडला. ती श्वास घेत घेत गारठली आणि मग हृदय थांबले. आतले तापमान १३.७ अंशांवर गेले होते. ट्रोम्सोच्या रुग्णालयात शरीराबाहेरच्या रक्ताभिसरणाने तिला गरम केले आणि ती वाचली. कोमट शरीराने आधी गुदमरून बुडालेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही. म्हणून साक्षीदारांना पहिला प्रश्न: डोके पाण्याखाली केव्हा गेले?

करोनामुळे एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत सोडणारे यंत्र, हा शब्द सगळ्यांना माहीत झाला. तेव्हा बहुतेक वेळा फुप्फुसांसाठीचा, व्ही-व्ही प्रकार चालला. हृदय थांबलेल्या गारठलेल्या रुग्णाला व्ही-ए लागतो, तो हृदयाचेही काम करतो. फोनवर "एक्मो आहे का" न विचारता "व्ही-ए एक्मो आहे का" असे विचारा, आणि शक्य असेल तर जवळच्या छोट्या रुग्णालयात उतरण्याऐवजी थेट तिथे जा. सोबत लिहून द्यायचे ते एवढेच: वय, पुरुष की स्त्री, आधी गुदमरला की आधी गारठला, आतले तापमान आणि ते कुठे मोजले, सीपीआर केव्हा सुरू झाला आणि कुठे कुठे खंड पडला. कागद भिजतो, चिकटपट्टीवर मार्करने लिहा. रक्तातले पोटॅशियम तिथले डॉक्टर मोजतील. ते लिटरला १२ मिलिमोलच्या वर असेल तर वाचवण्याचे प्रयत्न सहसा थांबवतात, पण नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या असल्या तरी तो आकडा फुगतो. म्हणून एका नमुन्यावर निर्णय न घेता दुसरा काढतात.