लाखेची तबकडी लाखाची असते का?

(दृश्य: जुन्या घराचा माळा, शिडी, पत्र्याची पेटी)

शिवाजी पेठेतलं हे घर पुढच्या महिन्यात पडणार, अपार्टमेंट होणार. काल माळ्यावरनं ही पेटी खाली आली, उघडली तर आत रेकॉर्डच रेकॉर्ड, साठेक तरी असतील, आणि भंगारवाला आधीच दारात काटा घेऊन उभा. काका म्हणाले, "किलोवर घेतो म्हणतोय, देऊ का?" म्हणलं काका, दहा मिनिटं थांबा की. तर ते लगेच दुसरं टोक, "मग लाखाच्या हायत का ह्या? यूट्यूबवर दाखवत होते."

लाखेच्या आहेत एवढं नक्की.

म्हणजे खरंच लाखेच्या. ह्या जाड, जड, काळ्या तबकड्यांना आता सगळे विनाइल म्हणतात पण हे विनाइल नव्हे, ह्या ७८ आरपीएमच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. बांगड्यांत असते ती लाख, किड्यापासून मिळणारी, तीच गाळून, त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून दाबलेली. नखानं टिचकी मारा, कपबशीसारखा आवाज येतो, आणि हातातनं पडली तर फुटते पण कपबशीसारखीच. विनाइल म्हणजे प्लॅस्टिक. ते आलं नंतर, अमेरिकेत १९४८ ला एलपी निघाली, एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी. त्याआधी दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, उलटा, परत चावी द्या, पिन बदला.

पिनेवरनं आठवलं. पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची असा नियम, कारण ती दगडाची पूड पिनेला घासते आणि मग झिजलेली पिन पुढच्या गाण्याच्या खाचा खरवडते. पण आपल्याकडं पैसे देऊन आणलेली पिन एका गाण्यात टाकून देणारा माणूस कुठला मिळायला? एकाच पिनेवर अख्खा गणपती काढलेली घरं आहेत. म्हणून तर ही बघा, उजेडात तिरकी धरली की खाचा पांढुरक्या दिसतात, करडा पट्टा आलाय. ही गेली. गाणं बालगंधर्वांचं असलं तरी गेली, वाजवली तर पावसात कुणीतरी लांबनं गातंय असं वाटणार.

मी काय फार शहाणा होतो अशातला भाग नाही. माझ्या आज्जीची एक नाट्यसंगीताची रेकॉर्ड होती, तिच्यावर बुरशी आलेली, आपला कोल्हापूरचा पाऊस म्हणजे तुम्हाला सांगायला नको, तर मी कापसावर स्पिरिट घेतलं आणि मस्त पुसली. कापूस काळा झाला, मला वाटलं वा, काय घाण निघतेय. घाण कसली, रेकॉर्डच निघत होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश मारणारा कुठलाही सुतार हे सांगेल, मला कुणी सांगितलं नव्हतं. विनाइल पुसायच्या बाटल्यांतही कधीकधी अल्कोहोल असतं, तेवढं बघा. लाखेला साधं गार पाणी, दोन थेंब साबण, मऊ कापड, आणि मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, झालं.

(दृश्य: जमिनीवर मांडलेली तबकड्यांची रांग, काका खुर्चीत)

आता काकांचा प्रश्न. त्यांचा हिशोब सरळ, जुनी म्हणजे महाग. नसतं तसं. जे गाणं तेव्हा धो धो खपलं ते आज घरोघरी सापडतं, मग त्याला कोण पैसे मोजणार? इथनं जवळ मिरजेला राहणारे अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी, गाणं अमर आहे, पण इतकी खपली की अजून मिळते. एलपीत 'शोले'. त्याचे संवादसुद्धा रेकॉर्डवर निघाले आणि लोकांनी ते पाठ होईपर्यंत वाजवले. आवडीच्या रेकॉर्ड एकतर खूप निघालेल्या असतात नाहीतर वाजवून वाजवून मेलेल्या असतात, आणि जी कुणाला आवडलीच नाही, कपाटात तशीच पडली, ती चाळीस वर्षांनी राजा होते.

चरणजीत सिंग म्हणून सिनेमात वाजवणारे एक वादक होते. त्यांनी १९८२ ला दहा राग घेतले आणि जपानी सिंथेसायझर, ड्रम मशीन लावून डिस्कोच्या ठेक्यावर एक एलपी काढली. फारशी कुणी घेतली नाही. मग एका डच माणसाला ती दिल्लीत सापडली, २०१० ला नव्यानं निघाली आणि युरोपातले लोक कपाळाला हात लावून बसले, की आमच्याकडं ॲसिड हाउस म्हणून जे नाचायचं संगीत पुढं आलं ते हा माणूस मुंबईत आधीच वाजवून बसलाय. पहिल्या छापाची प्रत आता हजारांत जाते. तेव्हा सवलतीत विकली असती तरी घेतली नसती कुणी.

आणि बीटल्सचं तर ऐका. जगात ७८ च्या तबकड्या बंद पडल्या तरी आपल्याकडं १९६० च्या दशकातही निघत होत्या, कारण गावोगावी लाइट नाही आणि चावीच्या ग्रामोफोनला लाइट लागत नाही. त्यामुळं बीटल्सची गाणी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ७८ वर छापली गेली. इंग्लंडच्या पोरांची गाणी, लाखेवर, चावीच्या भोंग्यावर! ह्या भारतीय ७८ साठी आज परदेशातले संग्राहक वाटेल तेवढे पैसे मोजतात. पार्लोफोन कंपनीचं लेबल आणि डीपीई अक्षरांनी सुरू होणारा नंबर दिसला तर भंगारवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नंबर बघायचा तो नुसता लेबलवरचा नाही. गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं त्यामधल्या कोऱ्या पट्ट्यात बारीक कोरलेले आकडे असतात, त्यावरनं कुठल्या साच्यातनं निघाली ते कळतं. लेबल तेच, चित्र तेच, पण पहिला छाप आणि नंतरचा छाप यात किमतीचा फरक जमीन-अस्मानाचा. कव्हर फाटलं की किंमत खाली, आत मूळ कागदी पाकीट असेल तर वर. गीतरामायणासारखा सेट असेल तर एक तबकडी हरवली की सगळ्याचीच किंमत पडते. आणि हो, पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन ब्रिटिशकालीन म्हणून विकतात ना, त्यातले बरेच नवे ठोकलेले असतात, त्याच्या नादाला लागू नका.

(दृश्य: संध्याकाळ, चावी फिरते आहे)

काकांचे साठ बघून झाले. चार-पाच चांगल्या, बाकीच्यांचं सगळं मिळून आजच्या जेवणाचं बिल निघेल. काका जरा नाराज. मग म्हणाले, "आपल्या अल्लादिया खाँसाहेबांची एखादी बघ की त्यात."

तीच तर गंमत आहे. १९०२ ला कलकत्त्यात गौहर जान रेकॉर्डिंगच्या कर्ण्यापुढं गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ओरडल्या, कारण तबकड्या छापायच्या जर्मनीत आणि तिथल्या माणसाला कळायला तर पाहिजे कुणाचं गाणं आहे. त्यानंतर सगळे गायले. पण शाहू महाराजांच्या दरबारातले खाँसाहेब, १९४६ पर्यंत हयात होते, त्यांनी एकही रेकॉर्ड दिली नाही. तासभर उलगडत जाणारा राग तीन मिनिटांत कोंबायचा कसा, असं मी आपलं समजतो. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, लहानपणी काही महिने इथं कोल्हापुरातच अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या, त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ ला नासाच्या व्हॉयेजर यानात सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली, संगीताच्या २७ तुकड्यांत भारतातला तो एकच. शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर आणि गुरूचा कोल्हापुरातसुद्धा नाही.

हे मला पाठ आहे. तरी कुणी माळ्यावर पेटी आहे म्हणलं की मी पहिल्यांदा तेच लेबल शोधतो, आजसुद्धा साठच्या साठ उलटून बघितल्या, काकांना न सांगता.

"अजून एक पेटी हाय वर," काका म्हणाले, "पण तिच्यात भांडी असतील."

म्हणलं, शिडी धरा जरा.