विजयदुर्गाच्या भेगा

नमस्कार, श्रोतेहो. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग उभा आहे. मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानतात. गिर्ये गाव शेजारी, म्हणून जुनं नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी तो आदिलशहाकडून घेतला, नाव बदललं आणि पुढे तिहेरी तटाने तो असा काही भक्कम झाला की आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं बनलं. खाडीत आत गेलं की कातळ कोरून केलेली त्यांची गोदी आजही पाहता येते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह इंग्रजांची जहाजं घेऊन आले. तुळाजी आंग्रे याचं आरमार त्या वेळी खाडीत नांगरून होतं. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता सगळा ताफा जळाला. मला सलतं ते हे, की पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होती. किल्ला नंतर पेशव्यांना मिळाला, पण मराठ्यांचा समुद्रावरचा जोर पूर्वीसारखा राहिला नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत विजयदुर्गही आहे. ऊर भरून आला. पण तटाजवळ जाऊन पाहा. जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधला चुना खाऱ्या वाऱ्याने भुसभुशीत होतो. त्या फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. रोप वीतभर असतं तेव्हा कोणी लक्ष देत नाही. मूळ जाड होतं, सांधा उघडतो, पावसाचं पाणी आत शिरून भराव धुऊन नेतं, आणि एखाद्या श्रावणात चिरा निसटतो. खालून लाटा पाया पोखरत असतातच. अलीकडच्या पावसाळ्यांत इथल्या तटाचा काही भाग ढासळला आहे.

डागडुजी चुन्यानेच व्हायला हवी. सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि मऊ जांभा झिजू लागतो. हे काम वेळखाऊ आहे, चुना मुरवणारे गवंडीही कमी उरलेत, तरी दुसरा मार्ग नाही. निधी आला तर पहिला पैसा दिव्यांच्या रोषणाईवर नको, तटाच्या पायावर खर्च व्हावा.

तुम्ही किल्ल्यावर गेलात आणि फटीत रोप दिसलं, तर स्वतः ओढू नका. वरचं तुटतं, मूळ राहतं, पुन्हा फुटतं आणि चिराही हलतो. कोणता बुरुज, कोणती बाजू, हे नीट सांगून पुरातत्त्व खात्याच्या माणसाला ते दाखवा.