उस्तादांचं ‘तडी’ आणि पोरांची जुनी गाडी

(बेळगावजवळच्या एका गावातल्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. उभं राहून बोलायची मला सवय नाही. माझं बोलणं गाडीशेजारी उकिडवं बसून, तोंडात स्क्रू धरून होतं. वाचनालयाच्या मास्तरांनी आग्रह केला, म्हणाले, गावात पंचवीसएक पोरांनी यंदा जुन्या गाड्या घेतल्यात आणि निम्म्या दारात उभ्या आहेत. बाहेर मी बघितलंच, स्प्लेंडर जास्त, दोन पल्सर, आणि कुणाची तरी आरएक्स हंड्रेड. ती कुणाची ते नंतर सांगा, मला एक चक्कर मारायची आहे.

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं लेथवर काढून मी गॅरेजला आलो. माझे उस्ताद कानडी. मराठी बोलायचे, पण त्यांच्या चालीवर. गाडी स्टँडला लागली की मी लगेच पाना उचलायचो, आणि मागून त्यांचा आवाज यायचा, ‘तडी.’ पुण्याचे पाहुणे बसलेत म्हणून सांगतो, आपल्याकडच्या कानडीत तडी म्हणजे थांब. दिवसातून वीस वेळा तरी ऐकायचो. त्या एका शब्दाचं मोल मला माझ्या स्वतःच्या गाडीनं शिकवलं, तेवढी गोष्ट आधी सांगतो.

१९९४ साली मी हिरो होंडाची सीडी हंड्रेड घेतली, सेकंडहँड. इंजिन सुरेख, पण टाकीचा रंग उडालेला, खाली गंजाचे ठिपके. गणपतीच्या आधी टाकी घासून लाल रंग मारला. एकट्यानं, रात्री जागून. सगळ्या गल्लीनं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी खानापूरला निघालो. पिरनवाडी गेली, मच्छे गेलं, आणि देसूरच्या अलीकडे गाडी गुदमरल्यासारखी झाली नि बंद. किका मारून पाय दुखला. वैतागून झाडाखाली बसलो, दहा मिनिटांनी सहज किक मारली तर पहिल्या किकेत सुरू. इदलहोंडपाशी परत तेच.

मग मी काय केलं? पोरं करतात तेच. प्लग बदलला. प्लग कॅप बदलली. इग्निशन कॉईल बदलली. पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर तीनदा खोलला. पगार संपला, गाडी तशीच. शेवटी लाज सोडून उस्तादांपुढे गेलो, म्हटलं, ‘मामा, बंद पडूलीय की ओ.’ त्यांनी गाडीला हातही लावला नाही. तीनच गोष्टी विचारल्या. किती किलोमीटरला बंद पडते? किती वेळ थांबलं की सुरू होते? आणि टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते की उशिरा?

तिसऱ्या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. आठवून सांगितलं, भरलेली असली की लवकर. ते उठले, गाडी सुरू करून मला गल्लीतून फिरायला लावलं, बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडलं. ‘सुस्स’ करून हवा आत गेली. झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून त्या भोकातून हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकी भरलेली असली की वर हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार होते. ते भोक माझ्याच लाल रंगानं बुजलं होतं. उस्तादांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई मागवली. खर्च शून्य.

तर, बिघाड शोधताना पहिलं काम विचारण्याचं. गाडी थंड असताना त्रास देते की तापल्यावर? पावसात की उन्हात? सरळ रस्त्याला की चढाला? आणि त्याच्या आधी गाडीला कोणी, काय केलं होतं? जुन्या गाडीचा निम्मा आजार आधीच्या मालकानं हौसेनं केलेल्या कामात असतो. दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. चार वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशानं झाली ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत चार वस्तूंचा खर्च.

गाडी सुरूच होत नसेल तर इंजिनला चारच गोष्टी लागतात हे डोक्यात ठेवा: पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब. त्याच्याही आधी हँडलवरचा लाल स्विच बघा. हसू नका. तो बंद असलेल्या गाड्या टेम्पोत घालून माझ्याकडे आणल्यात लोकांनी, अनगोळपासून काकतीपासून. पेट्रोल कॉक बंद आहे का, रिझर्व्हला आहे का तेही. नव्या पुष्कळ गाड्यांत साईड स्टँड खाली असला तरी इंजिन बंद राहतं. मग कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा, पेट्रोल येतंय का बघा. आलं तर प्लग.

प्लग काढायचा म्हणजे काय बघायचं? पेपरवाल्याच्या घाईनं बघू नका. उजेडात धरा. मधल्या चिनी मातीचा रंग फिकट तपकिरी, विटेच्या भुकटीसारखा असेल तर इंजिन सुखात आहे. कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेव्हा कार्बोरेटर सोडा, आधी एअर फिल्टर काढून झटका. आपल्याकडे खानापूरच्या लाल मातीनं फिल्टरचं जे होतं ते बघवत नाही. काळं पण ओलं, तेलकट असेल तर ते ऑईल आहे, आणि काम पिस्टनच्या रिंगांपर्यंत किंवा व्हॉल्व्हच्या सीलपर्यंत जाणार. पांढरा फटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, इंजिन जास्त तापतंय. ठिणगी बघताना प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या हेडच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. हातात धरून बघायची मर्दुमकी एकदाच कराल.

पावसाळ्याचा वेगळा ताप. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांना सांगायला नको. तिथल्या पावसात प्लग कॅपमध्ये ओल शिरते आणि ठिणगी चुकून गाडी झटके खायला लागते. धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा इंजिनवर मारून आणलात तरी तेच. कॅप काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, अर्धा तास थांबा. तडी.

धुरावरून पुष्कळ कळतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिला भपका निळा आणि नंतर साफ, असं असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सील गेलीत, ते काम तुलनेनं हलकं. ॲक्सिलेटर पिळला की निळा धूर येत असेल तर रिंग-पिस्टन, बोअर बघावा लागणार, पैसे बाजूला काढा. आरएक्सवाल्यानं मात्र घाबरायचं नाही, ती टू-स्ट्रोक, तिच्यात ऑईल पेट्रोलबरोबर जळायचंच असतं. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते ती नुसती पाण्याची, जरा वेळानं जाते.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागात ठेवलेल्या बारीक फटीचं, एक सांगतो, कारण याच्यावर लोक माझ्याशी भांडलेत. ‘मिस्त्री, टॅपेटचा आवाज बंद करा.’ बारीक टिकटिक हवीच. फट पार घट्ट केली की इंजिन गप्प होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही म्हणून दाब गळतो, पुढे व्हॉल्व्ह जळतो. विकायच्या आधी गाडी अशी गप्प करून ठेवणारे लोक आहेत. फार शांत जुनी गाडी दिसली की मी आधी टॅपेट बघतो.

क्लचचं थोडक्यात. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. प्लेटा बदलायच्या आधी केबल बघा, लिव्हरच्या टोकाला एक-दीड सेंटीमीटर मोकळीक पाहिजे. आणि ऑईल कुठलं घातलंय ते विचारा. मोटारीचं उरलेलं ऑईल काकांनी दिलं म्हणून घातलं असेल तर त्यातल्या निसरड्या मसाल्यानं बाईकचा ओला क्लच घसरू शकतो. बाटलीवर ‘जासो एमए’ लिहिलेलं बघून घ्या. चेन मधोमध बोटानं वर-खाली करा, दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत सगळीकडे बघा आणि जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे मोजा. चेन ज्यावर फिरते त्या सॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही सॉकेटं एकदम बदला. नुसती चेन नवी घातली तर जुने दात तिला महिन्यांत खातात.

आता चमकेकडे येऊ, कारण तुमचा खरा जीव तिथे आहे, मला माहीत आहे.

गोव्याकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून चोर्ला घाटातून आणतात. स्वस्त का मिळते? समुद्राच्या खाऱ्या हवेनं लोखंड गंजतं. स्टँडचा सांधा, मडगार्डच्या आतली बाजू, टाकीचा तळ, सायलेन्सरचा पोटाचा भाग, इथे वाकून बघा. वरून स्टिकर नवीन असला की मला जास्त संशय येतो. हँडल ज्या नळीत फिरतं तिच्यावर बहुधा चेसिस नंबर असतो. तिथेच ताजा रंग असेल तर व्यवहार थांबवा. आणि गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. हँडल थरथरण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं, टायरवाल्याकडे पळू नका.

क्रोमवर हलका गंज असेल तर ॲल्युमिनियमची फॉईल चुरगळून, पाण्यात बुडवून घासा. डब्यात पोळ्या गुंडाळतात तीच. फॉईल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडे पडत नाहीत. पॉलिश पेपर क्रोमला लावणाऱ्याला मी गॅरेजात घेत नाही. फिका पडलेला रंग रबिंगनं उजळतो, पण बेतानं. रबिंग म्हणजे वरचा मेलेला थर खरवडणं, आणि टाकीच्या कडांवर रंग पातळच असतो, तिथे दोनदा जास्त हात फिरवला की प्रायमर दिसलाच. डिस्कब्रेकचं ऑईल टाकीवर सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. ते ऑईल रंग उकलून काढतं.

टाकीच्या आतला गंज हा मात्र दिसण्याचा विषय नाही. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल उसापासूनही होतं, म्हणजे चिकोडी-अथणीकडच्या आपल्या शेतकऱ्याचा त्याला हात लागलाय, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. गाडी दोन-दोन महिने उभी, टाकी अर्धी रिकामी, वर पावसाळा, मग तळ गंजतो आणि ती तांबडी भुकटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसते. कार्बोरेटर साफ केला, आठ दिवसांत परत तेच, असं झालं की टाकीत बॅटरीचा उजेड मारून बघा. आणि टाकीला पोचा किंवा भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ वाईट.

कागदांचं दोन वाक्यांत. निपाणीच्या पोरांनी कागलहून एमएच शून्य नऊची गाडी आणली की तिकडच्या आरटीओचा नाहरकत दाखला आधी घ्या. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडे राहणार असेल तर कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, इथला करही भरावा लागतो, तो किमतीत धरूनच घासाघीस करा.

एक चिठ्ठी आलीय. ‘सकाळी वीस किका माराव्या लागतात, दुपारी एका किकेत सुरू होते, चोक ओढून पण उपयोग नाही.’ छान लिहिलंय, वेळ सांगितलीय. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरू करताना जास्त पेट्रोल लागतं, ते काम चोकचं. लिव्हर हलतेय, पण खाली कार्बोरेटरपाशी तिच्याबरोबर काही हलतंय का, हे बघितलंस का? पुष्कळदा केबल तुटलेली किंवा निसटलेली असते आणि आपण वर नुसतीच लिव्हर ओढत बसतो. खाली हलत असेल तर स्लो जेट, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणारं भोक, बघू. कुणाची चिठ्ठी? तू होय. गाडी बाहेर आहे? येऊन दीड तास झाला, इंजिन पुरतं गार झालं असेल. किल्ली आण, पण किक मारू नको. आधी बघूया.