आरशाखालचे निळे बटण

गाडीतील आरशालगत तीन बटणे दिसत आहेत. एक फोनसाठी, निळे मदतकेंद्राशी बोलण्यासाठी आणि लाल संकटकाळासाठी. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९९६ मध्ये ‘ऑनस्टार’ ही सेवा प्रथम कॅडिलॅक गाड्यांसाठी आणली. अपघातात एअरबॅग उघडली की गाडी आपणहून मदतकेंद्राला कळवील, हे तिचे मोठे आकर्षण होते आणि ते आश्वासन पोकळही नव्हते. मात्र त्यासाठी गाडीला स्वतःचा ठावठिकाणा ठाऊक असणे आणि तो दूरवर कळवता येणे भाग होते.

आता ऑनस्टारच्या नोंदणीसाठीची, शोरूममधील पडद्यावरची ही संमतिपत्रे पाहावीत. नव्या गाडीची किल्ली हातात येण्याची वाट पाहणारा ग्राहक ती किती बारकाईने वाचतो, हे त्याच्या बोटाच्या वेगावरूनच कळते. याच नोंदणीच्या ओघात ‘स्मार्ट ड्रायव्हर’ नावाची सोय येत असे. आपण गाडी कशी चालवतो हे आपल्याला समजावे, चांगल्या चालकाला पडद्यावर बिल्ले मिळावेत, असे तिचे रूप होते. ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या तक्रारीनुसार ही नोंदणी दिशाभूल करणारी होती आणि गाडीचे ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांनी टिपले जात होते. वेगमर्यादा ओलांडणे, रात्री उशिरा गाडी चालवणे आणि जोराने ब्रेक दाबणे यांच्याही नोंदी होत होत्या.

या नोंदी लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या, ग्राहकांची माहिती जमवून त्यांचे अहवाल विकणाऱ्या कंपन्यांकडे जात आणि तेथून विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत. हा प्रकार मार्च २०२४ मध्ये वृत्तपत्रातून उघड झाला, तेव्हा जनरल मोटर्सची शेव्हरोले बोल्ट ही गाडी चालवणाऱ्या एका ग्राहकाचा लेक्सिसनेक्सिसकडील अहवाल समोर आला. तो २५८ पानांचा होता. त्यातील निम्म्याहून अधिक पाने त्याच्या कुटुंबाच्या सहा महिन्यांतील ६४० फेऱ्यांनी व्यापलेली होती. प्रत्येक फेरीची तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, अंतर आणि त्यापुढे वेगाचे, ब्रेकचे, एकदम वेग वाढवल्याचे आकडे. असा एखादा तक्ता छापून टेबलावर पसरला की तो किती जागा घेतो, ते पडद्यावर दिसतेच आहे. ब्रेक जोराने दाबल्याची नोंद येथे सापडते. तो कशासाठी दाबावा लागला, यासाठी रकाना नाही. त्या ग्राहकाचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता.

बातमीनंतर काही दिवसांतच जनरल मोटर्सने या दोन्ही कंपन्यांना माहिती देणे थांबवले आणि पुढे ‘स्मार्ट ड्रायव्हर’ही बंद केले. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सास राज्याने खटला भरला. जानेवारी २०२५ मध्ये कमिशनने मांडलेल्या आदेशात अशी माहिती ग्राहक-अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना देण्यास पाच वर्षांची बंदी होती. दंड मात्र नव्हता.

आता बॉनेट उघडू या. हे याच कंपनीचे ६.२ लिटरचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन आहे. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि त्याने फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, जेथे एकमेकांवर फिरतात, तेथे ऑइलचा अत्यंत पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. हे ऑइल ज्या बारीक मार्गांतून येते, त्यांत गाळ राहिला किंवा क्रँकशाफ्टचे माप आणि पृष्ठभागाची घडण ठरल्याप्रमाणे नसली, तर बेअरिंग झिजते, आवाज येऊ लागतो आणि पुढे रॉड तुटून इंजिनच्या भिंतीतून बाहेरही येऊ शकतो. तीन सेकंदांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने या बिघाडाचा तपास आधी तीनदा सुरू करून तीनदा बंद केला होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेने चौकशी हाती घेतली, तेव्हा एप्रिलमध्ये २०२१ ते २०२४ या वर्षांच्या सिल्व्हेराडो, टाहो, सबर्बन, सिएरा, युकॉन आणि एस्कलेड या मॉडेलांमधील जवळपास ६ लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या गेल्या. तक्रारी २८ हजारांहून अधिक होत्या आणि त्यांतील निम्म्याहून जास्त तक्रारी चालत्या गाडीची शक्ती गेल्याच्या होत्या. १२ अपघात आणि १२ जखमींचा या बिघाडाशी संबंध असू शकतो, असे नोंदवले गेले.

दोष आढळला तर इंजिन दुरुस्त होते किंवा बदलले जाते. तो आढळला नाही, तर आधीपेक्षा दाट ऑइल भरले जाते, फिल्टर बदलला जातो, पुस्तिकेत एक पान जोडले जाते आणि ऑइलच्या तोंडावर नवे झाकण बसते. ते झाकण हे असे दिसते. मेकॅनिक ते फिरवून घट्ट करतो, बॉनेट खाली येते, इंजिन सुरू होते आणि आरशालगत ऑनस्टार जोडलेले असल्याची खूण असलेला हिरवा दिवा पुन्हा लागतो.