भिंतीवरची रेघ

वैनगंगेच्या काठाजवळ, ब्रह्मपुरी तालुक्यातील एका गावात, पतसंस्थेच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर एक मळकट आडवी रेघ दिसते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर आणि त्यापाठोपाठ गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने नदीकाठची गावे वेढली, तेव्हाची ही खूण आहे. आपत्तीसाठीची तयारी तपासायला आलेले लेखापरीक्षक आत येताच आधी ही रेघ पाहतात, मग इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. बॅटऱ्या रेघेच्या खाली आहेत.

आपत्तीत कामकाज चालू ठेवण्याचा आराखडा संस्थेकडे आहे. संचालक मंडळाने तो मंजूरही केला आहे. त्यातील दोन आकडे कळीचे असतात. बंद पडलेले काम किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे, तो आरटीओ (याचा गाडीच्या लायसनशी संबंध नाही, हे प्रत्येक गावी सांगावे लागते), आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी चालेल, तो आरपीओ. येथे आरटीओ चार तास लिहिला असून पर्यायी जागा म्हणून तालुक्याची शाखा दाखवली आहे. तिकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल विचारल्यावर शिपाई म्हणतो, "त्या साली दोन दिवस नाल्यावरून कोणीच गेलं नाही जी." चार तासांचा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला, याचे उत्तर कार्यालयात कोणाकडेच नाही.

बॅकअप रोज सायंकाळी घेतला जातो आणि त्याची नोंद एकही दिवस चुकलेली नाही. मात्र हार्ड डिस्क सर्व्हरच्याच खोलीतील कपाटात, खालच्या कप्प्यात असते, आणि बॅकअपवरून माहिती परत उतरवून पाहिल्याची नोंद रजिस्टरमध्ये कुठेच सापडत नाही. आपत्तीत कामकाज चालू ठेवण्याच्या व्यवस्थेसाठीचे आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानक अशा सरावाची अपेक्षा ठेवते, आणि खरे लेखापरीक्षण येथूनच सुरू होते. लेखापरीक्षक दुसऱ्या संगणकावर एका सभासदाचे कर्ज खाते उतरवून त्याची बाकी मागील महिनाअखेरच्या बाकीशी जुळवायला सांगतात.

संगणक पासवर्ड मागतो. तो माहीत असणारे व्यवस्थापक मार्चमध्ये निवृत्त झाले. आराखड्यातील संपर्क यादीत पहिले नाव अजून त्यांचेच आहे. फोन लागतो तेव्हा ते भाताच्या बांधीत, रोवण्यावर (लावणीवर) असतात. फोनवरून पासवर्ड घेणे ही वेगळी त्रुटी, तीही नोंदवली जाते. त्यांना तो आठवेपर्यंत लेखापरीक्षक वहीत लिहितात : ११ वाजून ४० मिनिटे, चाचणी सुरू व्हायची आहे.